रडकं शेत आणि बेसमेंटमधलं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात घणसोलीच्या एका ताईंचं पत्र आलं होतं. त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये जुलै लागला की गुडघाभर पाणी साचतं, दोन पंप रात्रंदिवस चालू, वॉटरप्रूफिंग तीनदा करून झालं, मेंटेनन्स वाढतोय आणि पाणी येतं कुठून ते कुणालाच कळत नाही. त्यांनी सोसायटीचं नाव दिलं नव्हतं म्हणून मीही देत नाही, पण जागा माझ्या लक्षात आली, आणि एवढं सांगतो की त्या नावात शेवटी 'मेडोज' आहे. हा शब्द जरा ध्यानात ठेवा, मी परत त्याच्यावर येणार आहे.

तर ते पत्र मी घरी मोठ्या काकीला वाचून दाखवलं. काकीचं वय ८६, डोळ्याला कमी दिसतं पण कान शाबूत. सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मंग ते रडकंच ना?" झालं. तीन वेळचं वॉटरप्रूफिंग एका बाजूला आणि काकीचं एक वाक्य एका बाजूला.

रडकं हे एका शेताचं नाव. आमचंच होतं, शेजारचं काण्याचं, पलीकडचं चिंचेखालचं, आणि खाडीच्या बांधाला लागून उघाडीचं. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप, ओहोटीला उघडायची आणि शेतातलं पाणी खाडीत जायचं, भरतीला आपोआप मिटायची आणि खारं पाणी बाहेरच राहायचं, तिच्या तोंडाशी जिताडा मासा मिळायचा ते वेगळंच. पारसिकच्या डोंगरावरून उतरलेलं सगळं पाणी उघाडीकडे जाताना आधी रडक्यात मुक्काम करायचं. आजूबाजूची शेतं कापणीला भेगाळलेली असायची तेव्हासुद्धा याच्या बांधातून पाणी पाझरत असायचं, नांगराला बैल रुतायचे, म्हणून त्यात राताच लावायचे कारण तो भात खाऱ्यालाही टिकतो आणि पाण्यालाही. माझ्या आजोबांनी काही जिओलॉजी केली नव्हती, त्यांनी फक्त नाव ठेवलं होतं. ते नाव कुणी कागदावर लिहिलं असतं तर बिल्डरचं जाऊ द्या, निदान फ्लॅट घेणाऱ्याला तरी कळलं असतं की पार्किंग कशात आहे.

आता माझा गुन्हा सांगतो. मी तलाठी होतो, ठाणे जिल्ह्यात पस्तीस वर्षं काढली. (हल्ली त्या पदालाही नवीन नाव आलंय, ग्राम महसूल अधिकारी, पण लोक तलाठीच म्हणतात, नावाचं असंच असतं.) ज्यांनी सातबारा नीट बघितलाय त्यांना माहीत असेल, वर भूमापन क्रमांक, उपविभाग, भूधारणा पद्धती हे सगळं असतं आणि तिथंच एक छोटी ओळ असते, "शेताचे स्थानिक नाव". बघा तुमचा सातबारा काढून. दहातल्या नऊ जणांचा रिकामा असेल. जुन्या हस्तलिखित पुस्तकांत कुठं कुठं लिहिलेलं असायचं, बोरूने लिहिल्यासारख्या अक्षरात, 'चिंचेचे', 'देवाचे', 'लांबडे', एके ठिकाणी तर 'सासूचे' असं मी वाचलंय. पण पुनर्लेखन आलं की काय व्हायचं, रात्री दिवा लावून शेकडो पानं उतरवायची, क्षेत्र चुकलं तर नोटीस, आकार म्हणजे शेतसारा चुकला तर नोटीस, भोगवटादाराच्या नावात काना-मात्रा गेला तर माणूस दारात उभा, पोटखराब्याचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, मेळ बसलाच पाहिजे. स्थानिक नाव सोडलं तर? कोणी विचारत नाही. त्यावरून कधी मीटिंग झाली नाही, कधी मेमो आला नाही. मग मीही सोडलं. एक-दोन नाही, किती ते मोजायची आता सोय नाही. पुढे कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा जे माझ्या पानावर नव्हतं ते कॉम्प्युटरवर कुठून येणार.

याची खंत मला नोकरीत असताना कधी वाटली नाही हे खरं सांगतो. ती वाटली थेट इंग्लंडात गेल्यावर, आणि म्हणून हे पत्र लांबणार आहे, संपादक साहेब कात्री लावतील तर लावोत.

भाचा नॉटिंगहॅमला नोकरीला आहे, त्याच्याकडे उन्हाळ्यात जाऊन राहिलो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की या शहराच्या नावाचा पहिला 'स' पडलाय, जुनं नाव स्नॉटिंगहॅम, म्हणजे स्नॉट नावाच्या कुणा पुढाऱ्याच्या लोकांचं गाव, मग नॉर्मन फ्रेंच राज्यकर्ते आले, त्यांच्या जिभेला 'स्न' जड गेला आणि स उडाला. बरंच झालं म्हणायचं, कारण आजच्या इंग्रजीत स्नॉट म्हणजे शेंबूड. मला हसू आलं पण हेही वाटलं की बघा, यांना आपल्या गावाच्या नावातलं एक अक्षर कधी आणि का पडलं हेसुद्धा माहीत आहे.

मग एका रविवारी म्हणाला, "मामा, तुला काय चर्च-बिर्च बघायला आवडणार नाही, चल तुला शेतं दाखवतो." आणि मला लॅक्स्टन नावाच्या खेड्यात घेऊन गेला. गाडीत मी म्हटलं लॅक्स्टन म्हणजे काय रे, तर म्हणतो लक्ष्मणाचं ठाणं असेल. दोघंही हसलो. खरं असं आहे की टन म्हणजे जुन्या इंग्रजीतलं टून, आधी नुसतं कुंपण, मग कुंपणातलं घर-शेत, मग वस्ती, शेवटी त्याचंच टाउन झालं. आपल्या वाडीचं तेच की, आधी वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग वाडा, वाडी. आणि लॅक्स म्हणजे लेक्सा नावाचा कुणी माणूस. विल्यम राजाने १०८६ मध्ये गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, डुकरं सगळं मोजून डूम्सडे बुक केलं त्यात हे गाव लॅक्सिंट्यून असं लिहिलेलं आहे. म्हणजे लेक्सा बिचारा हजार वर्षं झाली गेला, त्याच्याबद्दल कुणाला अक्षर माहीत नाही, पण वाडी अजून त्याच्याच नावावर. सातबाऱ्यावर एवढा काळ कुणाचं नाव राहतं?

लॅक्स्टनची खासियत म्हणजे तिथं जुन्या पद्धतीची सामाईक शेती अजून चालते. गावाभोवती तीन मोठी शेतं, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, मध्ये कुंपण नाही की काटेरी तार नाही, आतमध्ये वेगवेगळ्या शेतकऱ्यांचे लांब पट्टे. एका शेतात गहू, दुसऱ्यात पुढचं पीक, तिसरं पडीक, दरवर्षी फिरवायचं. मी बघत उभा राहिलो आणि पहिला प्रश्न तलाठ्याचाच आला डोक्यात, बांध कोरत असतील की नाही? भाच्याने हसत सांगितलं, कोरतात ना, म्हणून तर हिवाळ्याच्या तोंडाला गावचे पंच शेतात फिरून हद्दी बघतात, खुंट्या ठोकतात, आणि मग गावची कोर्ट बसते तिच्यात दंड होतो. ही कोर्ट अजून भरते. हे ऐकून मला त्या गोऱ्या लोकांबद्दल एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

या गावाचा १६३५ सालचा नकाशा आहे, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने केलेला, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत ठेवलाय. भाच्याने मोबाईलवर मोठा करून दाखवला. एकेक पट्टा काढलाय, आणि मधे मधे नांगर धरलेली माणसं चितारलीत. आमच्या मोजणीच्या जुन्या कागदांत, टिपणात आणि गुणाकार बुकात, माणूस कधी दिसला नाही.

पण लॅक्स्टन एकटं नाही, खरी मजा पुढे आहे. इंग्लंडात शेतकऱ्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागायचा, दहावी पेंढी, दहावं कोकरू, असं. १८३६ मध्ये कायदा करून ते धान्य बंद केलं आणि त्याची पैशात आकारणी ठरवली. आता पैसे ठरवायचे म्हणजे कुणाचं शेत किती ते कळायला हवं, म्हणून पुढची पंधरा-वीस वर्षं गावोगाव नकाशे केले, आणि सोबत एक तक्ता, त्यात प्रत्येक शेताचा नंबर, मालक, कसणारा, पीक की गवत, क्षेत्र, आणि शेताचं नाव. वाचक हो, नाव. अगदी आपला सातबाराच की हा, फरक एवढाच की त्यांनी तो रकाना भरला. इंग्लंड-वेल्सचा तीन चतुर्थांश भाग तरी त्यात आला.

आणि नेमकं त्याच वेळी, १८३५-३६ च्या सुमाराला, त्यांचेच साहेब गोल्डस्मिड आणि विंगेट आपल्याकडे इंदापूर तालुक्यात जमिनीची नव्याने पाहणी करत होते. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे शिकवतात, ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे, एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, ४० गुंठे एकर. तिथून सर्व्हे नंबर आले आपल्या आयुष्यात. काम चोख होतं, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यावरच माझं पोट चाललं. पण तिकडे नंबरही राहिला आणि नावही, आपल्याकडे नंबर जिवापाड जपला आणि नाव कातकऱ्याच्या, कुळाच्या, म्हाताऱ्यांच्या तोंडी सोडून दिलं.

त्या तक्त्यांतली नावं ऐका. ज्या जमिनीत काही पिकत नाही तिला हंग्री हिल, म्हणजे उपाशी टेकडी. स्टार्व्हऑल, सगळ्यांना उपाशी मारणारी. लेबर इन व्हेन, फुकट राबणं. गावापासून लांब पडलेल्या शेताला बॉटनी बे म्हणायचे, कारण तेव्हा कैद्यांची बोटं भरून ऑस्ट्रेलियाला तिकडे धाडायचे, म्हणजे या शेतावर जायचं म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. एखादा टीचभर तुकडा असेल तर त्याला मुद्दाम हंड्रेड एकर, शंभर एकर! हा विनोद तर आपल्या गावचाच वाटतो, आमच्याकडे एका बुटक्या माणसाला सगळे अमिताभ म्हणायचे. लॅम्प एकर नावाची शेतं आहेत, त्यांच्या उत्पन्नातून चर्चमधला दिवा तेवत ठेवायचा, म्हणजे आपलं देवस्थान इनाम, वर्ग तीन, दिवाबत्तीसाठी, तंतोतंत. आणि फर्लांग! आपण सर्रास म्हणतो फर्लांगभर चाललो, मला वाटायचं हा मैलाच्या दगडावरचा शब्द. तो निघाला शेतातला. फरो म्हणजे नांगराचं तास, लाँग म्हणजे लांब, एका तासाची लांबी म्हणजे फर्लांग, २२० यार्ड, आणि एकर म्हणजे बैलांचा एक नांगर दिवसभरात उलटेल तेवढी जमीन. पस्तीस वर्षं मी एकर लिहिले, त्यात बैल आहेत हे मला कुणी सांगितलं नाही.

आता पाण्याचं. मार्गारेट गेलिंग म्हणून एक विदुषी होऊन गेल्या, त्यांनी गावांच्या नावांतले जमिनीचे शब्द शोधण्यात जन्म घालवला. टेकडीला इंग्रजीत जुने कितीतरी शब्द, दरीला कितीतरी, आधी लोकांना वाटायचं की सगळ्यांचा अर्थ एकच, टेकडी म्हणजे टेकडी. यांनी त्या त्या जागी जाऊन बघितलं आणि दाखवलं की प्रत्येक शब्द वेगळ्या आकाराच्या जमिनीला आहे, आपण जसं माळ, टेप, कोंड, दांड एकमेकांच्या जागी वापरत नाही तसं. त्यातला एक शब्द 'वॅसे'. नदीकाठची अशी जमीन जी पुरात झटकन बुडते आणि झटकन मोकळी होते. श्रॉपशरमधलं बिल्डवॉज हे सेव्हर्न नदीकाठी, स्टॅफर्डशरमधलं ऑल्रवॉज हे ट्रेंट नदीकाठी, दोन्हीच्या शेपटाला तोच शब्द. हजार वर्षांपूर्वी ज्याने नाव ठेवलं त्याने पुराचा रिपोर्टच नावात लिहून ठेवला. सॉमरसेटमध्ये मुचेल्नी नावाचं खेडं आहे, अर्थ मोठं बेट. बेट कसलं, चारी बाजूंनी शेतं आहेत. पण २०१४ च्या हिवाळ्यात पूर आला तेव्हा रस्ते बुडाले आणि लोकांना होडीने ये-जा करावी लागली, गाव खरोखरचं बेट झालं. नावाला माहीत होतं, रस्ता बांधणारे विसरले होते.

काकीला हे सांगितलं तर म्हणाली त्यात काय एवढं, आपल्या लोकांनाही ठाऊक होतं. होतं, काकी. पण लिहिलं कुठं?

इथं एक गोष्ट मात्र खडसावून सांगायची आहे, कारण हे पत्र छापून आलं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच कारखाना सुरू होणार. नावाचा अर्थ अंदाजाने लावायचा नाही. आमच्या ग्रुपवर गावाच्या नावावरून दोन वर्षांपूर्वी जुंपली होती, एकाने ठोकून दिलं की घण आला म्हणजे लोहारांचं गाव, दुसऱ्याने घनश्याम आणला, तिसऱ्याने थेट पांडव उतरवले, शेवटी दोघांनी ग्रुप सोडला. इंग्लंडातही हे चालतं. डॉर्सेटमध्ये सिक्सपेनी हँडली नावाचं गाव आहे, ऐकणाऱ्याला वाटतं सहा पेन्यांना विकलं असेल, रस्त्यावरच्या पाटीवरसुद्धा सहा आकडा टाकून ते लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सिक्सपेनीत ना सहा आहेत ना पेनी, तो जुना शब्द 'सॅक्सनांची टेकडी' असा आहे, कानाला तसा वाजत वाजत पैशाचा झाला. नॉरफोकमधलं ग्रेट स्नोरिंग, म्हणजे वाटतं घोरणाऱ्यांचं गाव, ते स्निअर नावाच्या माणसाच्या लोकांचं. डेव्हनमधलं बिअर, तिथं दारूचा संबंध नाही, जुन्या भाषेत त्याचा अर्थ झाडांची राई. लँकेशरमध्ये पेंडल हिल आहे, त्यात पेन म्हणजे टेकडी ही आधीच्या लोकांची, मग नंतर आलेल्यांना कळेना म्हणून त्यांनी आपला टेकडीचा शब्द जोडला, त्याचं पेंडल झालं, पुढच्यांना तेही कळेना म्हणून त्यांनी हिल लावलं. टेकडी-टेकडी-टेकडी. आपला पिवळा पीतांबर परवडला.

मग यांची पद्धत काय? आधी त्या नावाचं सगळ्यात जुनं लिखाण शोधायचं, मग त्यानंतरचं, मग त्यानंतरचं, स्पेलिंग कसं बदललं ते रांगेने लावायचं, आणि मगच अर्थाला हात घालायचा. आपल्याकडे ठाण्याचं असंच झालेलं आहे, शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक आहे, त्यावरून ठाणे, तिथं वाद नाही. पण सगळ्या गावांना शिलालेख कुठून आणणार, म्हणून अर्थ राहू द्या, आधी नाव तरी जसं बोलतात तसं लिहा. आमच्याकडे 'उगारी' म्हणतात, 'उघाडी' नाही. मग उगारीच लिहा, पुस्तकी करू नका, उद्याच्या अभ्यासकाला ती र आणि ग लागणार आहे. मी वर उघाडी लिहिलं ते तुम्हाला कळावं म्हणून, वहीत उगारीच आहे.

इंग्लंडात हे काम करणारी एक संस्थाच आहे, इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी, १९२३ मध्ये सुरू झाली, जिल्हावार खंड काढते, शंभर वर्षांत नव्वदच्या वर खंड झाले आणि अजून काम संपलेलं नाही. शेतांची नावं गोळा करायला काही जिल्ह्यांत शाळेतली पोरं लावली होती, पोरांनी घरी जाऊन आजोबांना विचारायचं, आपल्या त्या शेताला काय म्हणतात. हे वाचून मला आमच्या शाळेतले प्रकल्प आठवले, थर्माकोलचा ज्वालामुखी.

आपल्याकडे हे घाईचं काम आहे. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जमिनी गेल्या त्याचं राजकारण, आंदोलन, साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना, हे सगळं लिहिलं गेलंय, लिहायलाच हवं होतं. पण शेतांची नावं त्या यादीत नव्हती. ज्यांनी ती शेतं स्वतः लावली ते आज सत्तरीच्या पुढे. आमच्या आळीत मागच्या दोन वर्षांत पाच म्हातारी माणसं गेली, त्यातल्या एका काकांना खाडीपासून डोंगरापर्यंत सगळी नावं ओळीने पाठ होती, ते गुरं वळायचे ना लहानपणी. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. आता त्यांच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, बाबा काहीतरी म्हणायचे बुवा, सेक्टर सातमध्ये ते.

सेक्टरवर माझा राग नाही. पोस्टमनला, रिक्षावाल्याला, डिलिव्हरीवाल्याला नंबर सोपा पडतो. सीवूड्स स्टेशनच्या नावाला दारावे जोडलंय, ते बघितलं की बरं वाटतं, निदान गाव पाटीवर आलं. पाम बीच रोडला मात्र मी अजून पाम बीच शोधतोय, एका बाजूला तिवरं आणि खाडी, चौपाटी कुठंय. कोलशेत, कुकशेत अशा नावांत शेत अजून डोळ्यांना दिसतं तरी. पण घोडबंदर रोडपासून बेलापूरपर्यंत टॉवरची नावं वाचत जा, वूड्स, एकर्स, ग्रोव्ह, क्रॉफ्ट, मेडोज. ही सगळी इंग्लंडच्या खेड्यातल्या जमिनीची नावं आहेत हो. क्रॉफ्ट म्हणजे घरामागचं परडं. मी तिथल्या तक्त्यांत ती वाचत होतो आणि मला घणसोलीची होर्डिंगं दिसत होती. आमच्या शेतांना शेवटी नावं मिळाली, पण दुसऱ्याच्या शेतांची.

आणि आता तो ध्यानात ठेवायला सांगितलेला शब्द. मेडो म्हणजे आपण समजतो फुलाफुलांचं हिरवं कुरण, ब्रोशरमध्ये बाई पांढऱ्या झग्यात पळत असते. इंग्रजी खेड्यात मेडो म्हणजे नदी-ओढ्याच्या काठची सखल ओली जमीन. पाण्यामुळे तिथं नांगर नीट चालायचा नाही, म्हणून ती गवतासाठी राखायची, कापून वाळवून हिवाळ्यात गुरांना घालायची. गवत इतकं मोलाचं की डूम्सडेच्या नोंदीतही मेडो वेगळी मोजलेली, नांगरटीच्या जमिनीपेक्षा तिला भाव जास्त. म्हणजे ओली, सखल, पाणी साचणारी. बिल्डरच्या मार्केटिंगवाल्या पोराने डिक्शनरी न बघता नाव ठेवलं आणि अगदी अचूक ठेवलं. रडकंचं इंग्रजी भाषांतर याहून चांगलं मलाही जमलं नसतं.

त्या ताईंना माझं सांगणं, चौथ्यांदा वॉटरप्रूफिंग करण्याआधी इंजिनियरला घेऊन गावात या, जुना गाव नकाशा माझ्याकडे आहे, पूर्वी पाणी कुठून कुठं जायचं ते काकी बोटाने दाखवते. चहा आमच्याकडे.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती. पेपरात राशीभविष्याशेजारी चार इंच जागा आठवड्यातून एकदा द्या. एका आठवड्याला एक गाव. वाचकांनी आपल्या गावच्या शेतांची, मिठागरांची, खाजणांची, बांधांची नावं पाठवायची, सोबत जमलं तर जुना सर्व्हे नंबर, आणि आज तिथं काय आहे, शाळा की मॉल की नाला. अर्थ पाठवू नका, नाव पाठवा. ज्यांच्याकडे अजून शेत शिल्लक आहे, शहापूर-मुरबाडकडे, पनवेल-उरणकडे, त्यांनी आपल्या सातबाऱ्यावर तो रकाना रिकामा असेल तर भरून मिळण्यासाठी साधा अर्ज करून बघावा. माझ्यासारखा कुणी आळशी भेटला तर हे कात्रण दाखवा. नवीन बाग, चौक, नाल्यावरचा पूल झाला आणि नाव सुचत नसेल तर पुढाऱ्यांच्या आजी-आजोबांआधी त्या जागेचं जुनं नाव विचारा, हे मी नगरसेवकाला सांगितलं, ते हो म्हणाले, ते सगळ्यालाच हो म्हणतात.

माझ्या वहीत आत्तापर्यंत एकतीस नावं झालीत. रडकं, काण्याचं, चिंचेखालचं, उगारीचं, लांबडं, बामणाचा माळ, म्हातारीची खांडी, तीनबांधी, बगळ्याचं. सातव्या क्रमांकाला काकी आणि शेजारची वहिनी यांचं पटेना, एक म्हणते म्हातारीची खांडी, दुसरी म्हणते म्हाताऱ्याची, मी दोन्ही लिहिली. शेवटचं नाव वकिलाचा तुकडा. रडक्याचा बांध कोरण्यावरून भाऊबंदकीची केस बारा वर्षं चालली, फी द्यायला पैसे नाहीत म्हणून चांगल्यातला चांगला तुकडा वकिलाला लिहून दिला, तेव्हापासून ते नाव. काकी म्हणते हे पेपरात घालू नको, त्या वकिलाची नातवंडं आपल्याच गल्लीत राहतात, सकाळी दूध आणायला एकत्र जातो आपण. मी म्हटलं काकी, गावाने ठेवलेलं नाव आहे, मी एकदा रकाना रिकामा सोडलाय.

आपला,
एक निवृत्त तलाठी
घणसोली गाव, नवी मुंबई